बोलून ठेवणाऱ्यांचं सभागृह : विधान परिषदेची वाटचाल

इंदूरच्या बडा गणपती, मल्हारगंज, राजवाडा या पट्ट्यातल्या मराठी घरांची एक गंमत आहे. मत द्यायचं भोपाळ-दिल्लीसाठी आणि वाद घालायचा मुंबईच्या राजकारणावर. टीव्हीवर मराठी बातम्या लागल्या की पाहुणा आलेला असो वा नसो, चर्चा रंगते, आणि ‘विधान परिषद’ हे शब्द कानावर पडले की नव्या पिढीतलं कोणीतरी हमखास विचारतं, ही म्हणजे नक्की काय? आपल्या एमपीत का नाही?

आपल्याकडे नाही हे खरं. पण राज्यघटनेनं ती आपल्याला देऊ केली होती. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनं विधान परिषद असलेल्या राज्यांच्या यादीत मध्य प्रदेशाचं नाव घालायचं ठरवलं. राष्ट्रपती अधिसूचना काढून जी तारीख जाहीर करतील, त्या तारखेपासून ते नाव लागू होणार होतं. ती तारीख आजवर जाहीर झालेली नाही. घटनेच्या अधिकृत प्रतीत कलम 168 खाली तशी तळटीप आहे. लोकसभेच्या अध्यक्षपदापर्यंत पोचलेल्या सुमित्राताई महाजन इंदूरनं आठ वेळा निवडून दिल्या. राज्याचं वरिष्ठ सभागृह मात्र इंदूरकरांना पाहायचं तर मुंबई नाहीतर नागपूर गाठावं लागतं.

तरीही या सभागृहाच्या इतिहासात इंदूरचा एक धागा आहे. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती, 1900 च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष आणि प्रार्थना समाजाचे पुढारी सर नारायण गणेश चंदावरकर 1913 च्या सुमारास होळकर दरबारात दिवाण होते. इथून परतल्यावर काही वर्षांनी, 1921 मध्ये, मुंबई कायदे कौन्सिलला सरकारी अधिकारी नसलेला पहिला हिंदी अध्यक्ष मिळाला तो हाच माणूस. 1923 मध्ये निधन होईपर्यंत ते त्या खुर्चीवर होते.

पण कौन्सिलची गोष्ट त्याच्याही बरीच आधी सुरू होते. 1861 च्या कायद्यानं मुंबई इलाख्याला कौन्सिल दिलं आणि 1862 च्या जानेवारीत मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्याची पहिली बैठक भरली. नाना शंकरशेट तिथं सभासद होते. सभासदांना अधिकार किती? पुढ्यात ठेवलेल्या विधेयकावर बोलायचं, बस्स. प्रश्न विचारायचा नाही, जमाखर्चाबद्दल तोंड उघडायचं नाही. गव्हर्नरसाहेबांच्या दिवाणखान्याला सभागृह म्हणण्याची ती पद्धत होती. 1892 च्या कायद्यानं प्रश्न विचारायची आणि अंदाजपत्रकावर बोलायची मुभा दिली, आणि मग या जागेत जीव आला. न्यायमूर्ती रानडे आधीच इथं बसून गेले होते. 1895 मध्ये लोकमान्य टिळक निवडून आले. 1899 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांपाशी थोडं थांबायला हवं, कारण हातात बहुमत नसलेल्या माणसानं सभागृहात करायचं काय, याचा पहिला धडा त्यांनी घालून दिला. 1901 मध्ये सरकारनं जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्यामुळे जप्त झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क न देता. हेतू सावकाराच्या तावडीतून कुळाला सोडवण्याचा, असं सरकार सांगत होतं. फिरोजशहा मेहता आणि गोखले यांचं म्हणणं असं की, शेतकऱ्याची पतच गेली तर पुढच्या दुष्काळात तो उभा कशावर राहणार? आधी लोकांची मतं मागवा, घाई नको, एवढीच त्यांची मागणी होती. ती फेटाळली गेली तेव्हा मेहता उठून बाहेर पडले आणि पाठोपाठ गोखले व इतर सहकारी. देशातल्या पहिल्या सभात्यागांमध्ये तो गणला जातो. आज सभात्याग रोज होतो आणि दुपारच्या चहापर्यंत विसरलाही जातो; त्या दिवशी मात्र तो बातमी झाला, कारण बाहेर पडणाऱ्यांनी आधी मुद्दा शेवटपर्यंत मांडलेला होता.

गोखले पुढे वरिष्ठ कायदे मंडळात गेले. तिथलं त्यांचं 1902 चं अंदाजपत्रकावरचं पहिलंच भाषण गाजलं. शिलकीचं अंदाजपत्रक म्हणून सरकार पाठ थोपटून घेत असताना, ही शिल्लक गरिबांवरच्या जादा करातून आली आहे हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवलं. 1911 मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून घटनेत यायला 2002 साल उजाडलं. मत हरलं, पण बोलणं नोंदीत राहिलं. वरिष्ठ सभागृहाचं मोजमाप इथून सुरू करावं असं माझं मत आहे.

1919 च्या सुधारणांनंतर कौन्सिल मोठं झालं, निवडून आलेल्यांचं बहुमत आलं. सभागृह एकच होतं, पण आजच्या परिषदेचं नाव आणि परंपरा त्याच्याशी जोडली जाते. या काळातला एक ठराव सगळ्यांनी पाठ करावा असा आहे. 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांनी सरकारी पैशानं बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव मांडला आणि कौन्सिलनं तो संमत केला. सरकारनं खात्यांना तशा सूचनाही दिल्या. आणि मग? मग काही नाही. गावोगावच्या नगरपालिकांनी कागद फडताळात टाकला. बोले गप्प बसले नाहीत. जी नगरपालिका ठराव पाळणार नाही तिचं अनुदान थांबवावं, अशी तजवीज करणारा दुसरा ठराव त्यांनी 1926 मध्ये आणला.

महाडच्या नगरपालिकेनं 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात तळ्यावर जायची कोणाची हिंमत नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्या सत्याग्रहामागे अनेक कारणं आणि मोठी चळवळ होती. तरी कायद्याच्या अंगानं पाहिलं तर पायाचा दगड बोल्यांचा ठराव होता. ‘नुसता ठराव करून काय होतं?’ असं विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं झालं तर मी महाडचंच देतो. ठरावानं तळं खुलं झालं नाही हे खरं. पण तळ्यावर जाणाऱ्यांच्या बाजूनं सभागृहाचा शब्द उभा होता.

बाबासाहेब त्याच सुमाराला कौन्सिलचे नियुक्त सभासद झाले. जन्म आपल्या शेजारच्या महूचा, म्हणून इंदूरकरांचा त्यांच्यावर अंमळ जास्त हक्क! त्यांच्या कौन्सिलमधल्या भाषणांपैकी दोन मला फार महत्त्वाची वाटतात. एक महार वतनाबद्दलचं: वंशपरंपरेनं राबवून घेणारी ती व्यवस्था मोडण्यासाठी त्यांनी 1928 मध्ये विधेयक आणलं. दुसरं कारखान्यातल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेबद्दलचं. बाळंतपणात बाईला पगारी विश्रांती मिळावी, त्यात राष्ट्राचंच हित आहे आणि मालकानंही त्याचा भार उचलावा, अशी बाजू त्यांनी मांडली. मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा 1929 मध्ये झाला. देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा.

पुढे 1952 मध्ये लोकसभेची निवडणूक हरल्यावर बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि 1956 मध्ये निधन होईपर्यंत तिथं होते. सप्टेंबर 1953 मध्ये आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना त्यांनी आपणच घडवलेल्या घटनेबद्दलची नाराजी इतक्या जळजळीत शब्दांत बोलून दाखवली की सभागृह हादरलं. सगळा रोख अल्पसंख्यांच्या संरक्षणावर होता. पराभूत उमेदवाराला मागच्या दारानं आत घेण्याची टीका आज आपण सर्रास करतो. त्या दारातून बाबासाहेबही आत आले होते, हे टीका करताना लक्षात ठेवावं. दोष दाराचा कमी आणि कोणाला आत घेतो याचा जास्त असतो.

1935 च्या कायद्यानं मुंबईला दोन सभागृहं दिली. 1937 च्या जुलैत पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये नव्या विधान परिषदेचं काम सुरू झालं. मंगळदास पक्वासा तिचे पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी तिकडे आयर्लंडनं नवी राज्यघटना स्वीकारली आणि आधीच्या वर्षी रद्द केलेलं आपलं वरिष्ठ सभागृह, सेनाड, नव्यानं घडवलं. या दोन सभागृहांत साम्य बरंच आहे. सेनाडच्या 60 जागांपैकी 43 शेती, कामगार, संस्कृती-शिक्षण अशा क्षेत्रवार गटांतून, 11 पंतप्रधानांच्या नियुक्तीनं आणि 6 विद्यापीठांच्या पदवीधरांकडून भरल्या जाऊ लागल्या. आपल्या राज्यसभेत साहित्य-कला-विज्ञान-समाजसेवेतल्या माणसांच्या नियुक्तीची तरतूदही आयरिश घटनेवरून आली.

तिथलं एक उदाहरण गोखल्यांच्या शेजारी ठेवण्यासारखं. 1969 मध्ये मेरी रॉबिन्सन ही पंचविशीतली कायद्याची प्राध्यापक पदवीधरांच्या मतांवर सेनाडमध्ये निवडून आली. गर्भनिरोधकांवरची बंदी उठवण्याचं विधेयक तिनं 1971 मध्ये आणलं. सभागृहानं ते पहिल्या वाचनालाही येऊ दिलं नाही. 1979 आणि 1985 मध्ये त्याच सभागृहासमोर कायदा बदलला, आणि 1990 मध्ये बाई देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्याआधीच्या काळात कवी यीट्स नियुक्त सेनेटर होता आणि 1925 मध्ये घटस्फोटबंदीच्या विरोधात तो एकाकीपणे बोलला होता. 2013 मध्ये सेनाड बरखास्त करावं का, असा कौल सरकारनं घेतला. लोकांनी थोडक्या फरकानं ते राखलं.

आपल्याकडे 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि परिषदेला वि. स. पागे सभापती म्हणून लाभले. 1960 ते 1978, सलग अठरा वर्षं. गंमत अशी की सभापतीनं चर्चेत भाग घ्यायचा नसतो. त्यानं इतरांना बोलू द्यायचं असतं. आणि या सभागृहातून देशाला मिळालेली सगळ्यांत मोठी कल्पना त्या न बोलणाऱ्या माणसाची. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर हे पाग्यांचं गाव. हाताला काम मागणाऱ्याला सरकारनं काम दिलंच पाहिजे, आणि ते काम विहीर, बांध, रस्ता असं काहीतरी मागे उरणारं असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. 1965 मध्ये त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना तसं लिहिलं आणि विसापुरात प्रयोग झाला. 1972 मध्ये योजना राज्यभर न्यायचं ठरलं, आणि त्याच वर्षी तो भीषण दुष्काळ पडला. खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना ‘रोजगार हमी’चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पैसा कुठून आला? हा भाग शहरी वाचकानं मुद्दाम वाचावा. 1975 मध्ये व्यवसाय कर लागू झाला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून दर महिन्याला कापली जाणारी ती छोटी रक्कम मूळ याच योजनेसाठी होती, आणि जमा रकमेइतकीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची होती. दोन्ही सभागृहांनी 1977 मध्ये कायदा केला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. योजनेत खोटे हजेरीपट झाले, मुकादमांनी हात मारले, हेही खरंच. पण 2005 मध्ये संसदेनं देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा समोर नमुना म्हणून महाराष्ट्राचाच कायदा होता.

याच धाग्याला पुढे एका कवीनं गाठ मारली. 1978 मध्ये ना. धों. महानोर राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून परिषदेत आले. पळसखेड्याचा शेतकरी, अजिंठ्याच्या पायथ्याचा. कवीला सभागृहात बसवलं की तो भाषेवर बोलेल अशी अपेक्षा असते. महानोर बोलले पाण्यावर, फळबागांवर, कोरडवाहू शेतकऱ्यावर. रोजगार हमीच्या मजुरीतून शेतकऱ्याच्या बांधावर फळझाडं लावण्याची योजना 1990 मध्ये आली, तिच्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. त्यांच्या आधी ग. दि. माडगूळकर बारा वर्षं, 1962 ते 1974, नियुक्त सदस्य होते. साहित्यिकांना मानाची जागा म्हणून या नियुक्त्या झाल्या असतील, पण महानोरांनी त्या जागेचं काम करून दाखवलं.

पदवीधर मतदारसंघानं दिलेलं ठळक नाव प्रा. ग. प्र. प्रधान यांचं. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवणारा हा समाजवादी पुण्याच्या पदवीधरांनी अठरा वर्षं परिषदेत पाठवला आणि 1980 ते 1982 या काळात ते विरोधी पक्षनेते होते. विरोधकाला शत्रू न मानता त्याचा मुद्दा आधी नीट मांडायचा आणि मग खोडायचा, ही त्यांची शिकवण्याची रीत सभागृहातही चालली. ‘साता उत्तरांची कहाणी’ लिहिणाऱ्याला एका प्रश्नाची सात उत्तरं ऐकून घेण्याची सवय असणारच. एन. डी. पाटीलही मिळून अठरा वर्षं परिषदेत होते. आवाज चढा, अभ्यास पक्का. पुढे नितीन गडकरींनी नागपूर पदवीधरमधून पंचवीस वर्षं काढली.

परिषदेनं अडवणूकही केली आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जादूटोणाविरोधी विधेयक विधानसभेनं 2005 मध्ये संमत केलं, आणि ते परिषदेत अडकून पडलं. वारकऱ्यांच्या भावना दुखावतील ही भीती पुढे केली गेली. सगळ्या पक्षांना ती सोयीची होती. विधेयकासाठी झगडणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, आणि डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी कायदा केला. घाईला लगाम घालणं हे वरिष्ठ सभागृहाचं काम. आठ वर्षं गप्प बसणं म्हणजे लगाम नव्हे.

अधिकाराच्या दृष्टीनं परिषद दुबळीच आहे. साधं विधेयक ती पहिल्या खेपेला तीन महिने आणि दुसऱ्या खेपेला एक महिना रोखू शकते, अर्थविधेयक 14 दिवस. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नाही. शेवटी विधानसभेचंच चालतं. म्हणून अनेक राज्यांनी परिषद हा फुकटचा खर्च ठरवला: पश्चिम बंगालनं 1969 मध्ये, तामिळनाडूनं 1986 मध्ये ती मोडली; आंध्रनं 1985 मध्ये मोडून 2007 मध्ये परत आणली. आता सहा राज्यांत ती उरली आहे.

महाराष्ट्रातल्या 78 जागांपैकी 7 पदवीधरांच्या, 7 शिक्षकांच्या, 12 राज्यपालनियुक्त, आणि बाकीच्या आमदार व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतांवर भरायच्या. या रचनेची अलीकडे झालेली दशा पाहा. नोव्हेंबर 2020 मध्ये मंत्रिमंडळानं 12 नावं राज्यपालांकडे पाठवली. त्यांवर निर्णयच झाला नाही, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांतल्या 7 जागा भरल्या गेल्या, त्याही नव्या सरकारच्या नावांनी. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा या पाच शब्दांत घटनेनं सांगितलेला निकष पक्षांच्या याद्यांत शोधावा लागतो. महापालिका-जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्यानं त्या वाट्याच्या कित्येक जागा रिकाम्या राहिल्या. जुलै 2022 ते डिसेंबर 2024 सभापतीची खुर्चीही रिकामी होती. उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कामकाज रेटलं आणि मग राम शिंदे बिनविरोध निवडून आले. 20 जून 2022 ची परिषद निवडणूक तर लोकांच्या लक्षात राहिली ती त्याच रात्री बंड करून सुरतच्या दिशेनं निघालेल्या आमदारांमुळे.

या सगळ्यात 3 सप्टेंबर 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या उपस्थितीत परिषदेचा शताब्दी समारंभ झाला. शंभरी कुठून मोजायची, हा वाद हौशी माणसाला पुरेल इतका आहे: 1862 धरलं तर दीडशे उलटून गेली, 1937 धरलं तर शंभर व्हायची आहेत. माझं मत विचाराल तर 1923 धरावं, बोल्यांच्या ठरावाचं वर्ष.

आणि इंदूरच्या वाचकांसाठी एक कामाची गोष्ट. आपल्या घराघरातली मुलं-सुना नोकरीसाठी पुण्यात आहेत. तिथं कायम राहत असतील आणि पदवी मिळून तीन वर्षं झाली असतील, तर त्यांना पदवीधर मतदारसंघात मत आहे. पदवी महाराष्ट्रातलीच हवी असं नाही, आपल्या देवी अहिल्या विद्यापीठाचीही चालते. मात्र विधानसभेच्या यादीतलं नाव इथं उपयोगी पडत नाही. ही यादी दर निवडणुकीला नव्यानं होते आणि तिच्यासाठी नमुना 18 चा अर्ज वेगळा भरावा लागतो, शिक्षकांसाठी नमुना 19. प्रधानसरांच्या त्या जागेसाठी मागचं मतदान डिसेंबर 2020 मध्ये झालं आणि मुदत सहा वर्षांची आहे. पुढच्या वेळी पुण्याला फोन कराल तेव्हा अर्ज भरला का, एवढं जरूर विचारा.